चिमट्याचा डावा पाय

७ जानेवारी

चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. फाड, पण आधी एक ओळ वाच. तुझ्या मास्तरांची सायकल सापडली आहे.

सापडली असावी, असं म्हणते. खात्री तुझ्याशिवाय होणार नाही, म्हणून एकोणीस वर्षांनी लिहायचं धाडस करते आहे. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. पत्राचं एक बरं असतं, मध्येच टाकून दिलं तरी उरलेलं तिथंच राहतं.

आमच्या कोपऱ्यावरचा सायकल-मिस्त्री तुला आठवत असेल. मास्तरांच्या चाकांचे आरे तोच आवळायचा, मास्तर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता त्याचेही केस पिकले. परवा तो दारात आला आणि चप्पलही न काढता म्हणाला, "बाई, भंगारवाल्याच्या गाडीवर एक फ्रेम बघितली. नख मारून बघितलं तर भांड्यासारखी वाजली. इतकं पातळ पोलाद या बाजूला एकाच सायकलीला होतं."

मी तशीच उठून गेले. हिरवा ऑइलपेंट ब्रशने फासलेला, हँडल सरळ दांड्याचं, पुढचं चाक एका जातीचं, मागचं दुसऱ्या. मला तर ती कुणाचीही वाटली असती. पण मिस्त्रीने मागच्या नळीवर बोट ठेवलं. तिथे दोन बारीक खुंट्या आहेत, जादा आरे अडकवून ठेवायला. मास्तर ते दाखवून सांगायचे ना, "लांबच्या प्रवासाची सायकल आहे ही, शिदोरी घेऊनच जन्माला आली आहे."

तर मागणं एवढंच. ज्या म्हाताऱ्या इंजिनिअरकडून मास्तरांनी ती घेतली त्याने एक कागद दिला होता, फ्रेमच्या नंबराचा. मास्तर त्याला जन्मदाखला म्हणायचे. तो तुझ्याकडे असेल तर नंबर कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझ्या भाऊजींची तब्येत बरी नाही. जन्मभर झाळकाम केलं, पितळ वितळवून लोखंडाचे सांधे जोडले, त्याचा धूर छातीत साठत गेला. आता खाटेवरच असतात, नाकात ऑक्सिजनची नळी आहे. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, उन्हाळा निघेल असं धरून चालू नका. ते जायच्या आत मला एकच गोष्ट करायची आहे. त्या वेळी यांचा हात चुकला नव्हता, हे तुला दाखवायचं आहे.

ताई


२१ जानेवारी

चिमे,

रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहते. तो आता लांबूनच मान हलवतो.

नंबर नसला तरी मी थांबलेले नाही. फ्रेम घरी आणली, मागच्या शेडमध्ये टांगली. यांची हत्यारं तीन वर्षं तशीच पडून होती. रंग काढायचं औषध लावून दहा मिनिटं थांबायचं, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं. मी शिवणकाम करणारी बाई, मला सायकल म्हणजे दोन चाकं आणि एक घंटी इतकंच ठाऊक. पण मिस्त्री येऊन जाऊन शिकवतो आणि शिकवताना शिव्या घालतो. "बाई, खरवडताय की खणताय? पोलाद आहे, वांगं नाही."

हिरव्याखाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली गंज आणि गंजाच्या कडेला निळा. तोच निळा, चिमे. दौतीतल्या शाईचा. हँडलखालच्या जोडाला लपून राहिलेला एक तुकडा आहे, नखाएवढा, पण अगदी जसाच्या तसा.

जोडांच्या कडा मी कधी नीट बघितल्या नव्हत्या. जिथे दोन नळ्या भेटतात तिथे जी टोपी असते तिला मिस्त्री लग म्हणतो. साध्या सायकलला ती जाड आणि बोथट असते. हिची टोकं कानशीने घासून पानासारखी काढली आहेत. कुणीतरी एका फ्रेमला दिवसच्या दिवस दिले असतील. सीटचा दांडा आत गंजून बसला होता. चार दिवस रॉकेल ओतून ठेवलं, पाचव्या दिवशी मिस्त्री आणि मी दोघं लोंबकळलो तेव्हा सुटला, आणि मिस्त्री सीटसकट मागे बादलीत बसला. मला हसू आलं. मग लाज वाटली हसल्याची.

नंबर पायडलच्या कण्याखाली असतो. फ्रेम उलटी करून बघितलं. तिथे रंग, ग्रीस, चिखल, सगळं मिळून दगड झालं होतं. टाचणीने कोरत बसले. आता सहा आकडे दिसतात. मी इथे ते लिहीत नाही. तू आधी सांगावंस असं वाटतं, म्हणजे तुला माझ्यावर विसंबावं लागणार नाही.

यांना मी सांगितलं सायकल आणल्याचं. मला वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, "कशाला आणलीस?" आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

कागद शोध ना गं.

ताई


३ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पोस्टकार्ड आलं. माझा पत्ता आणि सहा आकडे. ना मायना, ना सही. मी ते हातात घेऊन शेडमध्ये गेले, फ्रेम उलटी केली, एकेक आकडा बोटाने लावून बघितला. सहाही जुळले. मग पुन्हा उलट्या बाजूने लावून बघितले. मिस्त्री म्हणाला, "बाई, आकडे काय उलटे वाचून बदलणार आहेत?"

मास्तरांचीच आहे.

तुझं अक्षर बदललेलं नाही. सातचा आकडा अजून तसाच काढतेस, मान खाली घातल्यासारखा.

आता पुढचं सांगते. ऐकायला बरं नाही, पण लपवत नाही. सायकलीला पुढचा चिमटा तिचा स्वतःचा नाही. ज्यात पुढचं चाक बसतं तो दोन पायांचा चिमटा. कुणीतरी साध्या सायकलचा ठोकून बसवला आहे. मास्तरांबरोबरच्या लोकांनी तेव्हा काय सांगितलं होतं? घाटात उतारावर, वळणावर ब्रेक दाबला, चिमट्याचा एक पाय सुटला आणि मास्तर सायकलीसकट दरीत गेले. आणि त्याच चिमट्याचं काम यांनी केलं होतं. म्हणजे जे बघायचं तेच नाही. दळण आणलं आणि पिठाचा डबाच हरवला, तशी गत.

मी भंगारवाल्याच्या मागे लागले. त्याने डोंगराकडच्या गावातल्या एका निवृत्त पोस्टमनचं नाव सांगितलं. मिस्त्री बस पकडून त्याच्याकडे जाऊन आला. पोस्टमनने अकरा वर्षं त्या सायकलवरून टपाल वाटलं. दरीतून ज्यांनी ती वर काढली त्यांच्याकडून घेतली होती, मोडका चिमटा काढून दुसरा बसवला होता. आणि ऐक. मोडका त्याने फेकला नाही. "लोखंड चांगलं होतं हो, टाकवेना," म्हणाला. मागच्या खोलीच्या खिडकीला टेकू म्हणून लावून ठेवला आहे. खिडकीला दुसरा टेकू मिळाला की बसने पाठवतो म्हणाला.

चिमे, मी हात जोडून बसले आहे. पोलादच कुठेतरी फुटलेलं निघू दे. दगड लागून पाय वाकलेला निघू दे. कारखान्याचा दोष निघू दे. काहीही निघू दे.

ताई


१७ फेब्रुवारी

चिमे,

चिमटा येऊन नऊ दिवस झाले. आल्या दिवशी तुला लिहायला बसले होते. ते पत्र चुलीत गेलं. त्यानंतरची तीनही गेली. त्यांत मी लिहिलं होतं की चिमटा पार गंजून गेला, काही कळत नाही. ते खोटं होतं.

गोणपाटात बांधून आला. एक पाय वरच्या मुकुटाला, म्हणजे दोन्ही पाय जिथे बसतात त्या जोडाला, घट्ट, दुसरा सुटा. डावा. मिस्त्रीने सुटा पाय उजेडात धरला, मग मुकुटातल्या रिकाम्या भोकात बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मी म्हटलं, "पोलाद फुटलं आहे का?"

"पोलादाला काय झालंय? कुठे तडा नाही." उजव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा बघा. कडेला पितळेची रेघ आहे, बारीक, सगळीकडून सारखी. आत पूर्ण उतरलं आहे पितळ. हे काम तुमच्या मालकांचं, डोळे मिटून सांगेन." मग डावा पाय पुढे केला. "आणि हा नुसता टाचला आहे. दोन ठिकाणी थेंबभर. आत कोरडा ठणठणीत."

मी त्या भोकात बोट घालून बघितलं.

तो म्हणाला, "असं कोण करेल? म्हणजे, टाचतात. आधी दोन्ही पाय टाचायचे, चाक बसवून रांग बघायची, सरळ फिरतं का ते, मग एकेक पुरा झाळायचा. पण अर्ध्यात कुणी गिऱ्हाइकाला देतं? हा माणूस तर देणारच नाही. बादलीचा कान झाळून दिला तरी दोन दिवस पाणी भरून ठेवायचा."

तो गेल्यावर मी मशीनसमोर बसून राहिले. चिमे, मला टाचणं म्हणजे काय ते मिस्त्रीने समजावून सांगायची गरज नव्हती. कच्चा टाका आणि पक्की शिवण, यावर माझं आयुष्य गेलं.

आता लिहिते. खोडणार नाही.

त्या दिवशी सकाळी उजवा पाय झाला आणि यांच्या टाकीतला गॅस संपला. टाकी भरून आणायला निघाले. निघताना मला म्हणाले, "डावा पाय राहिला आहे. आल्यावर करतो. तोवर सायकल कुणाला देऊ नकोस." चाक बसवलेलं होतं, रांग बघायला. दिसायला सायकल तयार होती. हे गेले आणि तासाभरात मास्तर आले. त्यांच्या सायकल-सहलीची मंडळी निघायला उभी होती. त्यांनी विचारलं, "झाली का?" मी सायकल देऊन टाकली.

मी विसरले होते, चिमे. हातात कुणाचा तरी कोट होता, बाह्या लावत होते, डोक्यातून निघूनच गेलं.

हे दुपारी आले. रिकामी जागा बघून त्यांचा चेहरा जो झाला तो मी कुणाला सांगितला नाही. टाकी तिथेच आडवी टाकली आणि धावत सुटले. मंडळी गेलेली. मग बस पकडून त्यांच्या पहिल्या मुक्कामाच्या गावी गेले. मास्तरांच्या लोकांनी वाट बदलली होती. रात्रभर शोधून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले, पाय सुजलेले. तिसऱ्या दिवशी बातमी आली.

तू आमच्या दारात आलीस तेव्हा मी तोंड उघडणार होते. शप्पथ सांगते. यांनी माझ्या आधी सांगून टाकलं, "झाळ माझी होती. कच्ची राहिली." तू त्यांना जे बोललीस ते त्यांनी उभ्याने ऐकून घेतलं. तू म्हणालीस, "ताई, या माणसाच्या घरात राहणार असशील तर मला बहीण नाही." मी यांच्या शेजारी उभी राहिले. लोक म्हणाले, नवऱ्याची बाजू घेतली. कुणाची बाजू घेत होते ते माझं मला ठाऊक.

सायकल कशाला शोधत होते, कळलं ना आता? यांना सोडवायचं होतं. पण स्वतः न अडकता.

ताई


२८ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्याकडून काही आलं नाही. यायचं कारणही नाही. तरी लिहिते, कारण यांच्याकडे फार दिवस नाहीत, आणि तू मला कितीही शाप दे, पण त्यांना भेटून जा.

मिस्त्रीने काय बघितलं ते मी यांना सांगितलं. तुला पत्र टाकलं तेही सांगितलं. ते रागावले. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि चढवायला आता श्वास नाही. "एवढी वर्षं काय म्हणून गप्प बसलो मी?" म्हणाले. "तुम्ही सख्ख्या बहिणी. मी काय, बाहेरून आलेला माणूस. माझ्याशी वैर धरलं तर चार दिवसांनी तुझ्याशी बोलेल, असं वाटलं होतं मला."

मी म्हटलं, "बोलली का?"

"नाही," म्हणाले. "तिथे माझा अंदाज चुकला."

मग विचारलं, "पाय सरळ आहे का गं? वाकला आहे?" मी म्हटलं, थोडा. म्हणाले, "मिस्त्रीला सरळ करायला सांग. आणि टाकी भरून आण. ते काम पुरं करायचं राहिलं आहे."

"कोण करणार?"

"तू. मी सांगतो."

डॉक्टरांना कळलं तर मला हाकलून देतील. मिस्त्रीने आणि मी यांना खुर्चीसकट उचलून शेडच्या दारात बसवलं. आगीजवळ नळी चालत नाही, म्हणून ती अर्ध्या तासापुरती काढली. दुपारचं ऊन होतं. मी आधी जोड घासून चकचकीत केला, टाकणखाराचा लेप लावला, पाय मुकुटात बसवला. मिस्त्रीने रांग तीनदा मोजली. मग मी ज्योत पेटवली. पहिल्यांदा ती जोडावर यायची सोडून भिंतीवरच फिरली.

"पितळेकडे बघू नकोस," हे म्हणाले. एकेका शब्दाला थांबत. "पोलादाचा रंग बघ. सगळीकडून सारखी ऊब दे. पितळ उबेच्या मागे जातं. तू ढकलू नकोस त्याला."

लेप आधी फुगला, मग काचेसारखा वितळला. पोलाद आधी करडं, मग विटेसारखं. मला वाटलं, आता. हे म्हणाले, "थांब." आणखी लाल झालं. "थांब." माझ्या डोळ्यांत घाम गेला. "आता लाव." मी पितळेची कांडी टेकवली आणि ती गेली, चिमे. पाणी जमिनीत मुरतं तशी आत ओढली गेली. ज्योत फिरवली तशी मागे मागे आली, आणि खालच्या कडेला बारीक पिवळी रेघ उमटली. पूर्ण गोल.

यांनी खुर्चीतून वाकून बघितलं. "कड थोडी जाड झाली," म्हणाले. मग म्हणाले, "पण आत गेलं आहे."

त्यांचे ओठ निळे पडले होते. मिस्त्री त्यांना उचलून खाटेवर घेऊन गेला.

चिमटा गार झाल्यावर मिस्त्रीने तो शिकंज्यात पकडला आणि दांडीला स्वतः लोंबकळला, पाय वर करून. काही झालं नाही. फ्रेमला आता निळा रंग लावला आहे. तो कोपऱ्यातला नखाएवढा जुना तुकडा ठेवून दुकानात रंग जुळवून घेतला. जुन्या वाकड्या शिंगांचं हँडल मिस्त्रीने कुठून तरी पैदा केलं. चाकं त्यानेच बांधली. छर्रे नवे, चेन नवी. सायकल तुझी आहे, तुझ्या लेकीची आहे. घेऊन जा.

पण मी त्यासाठी बोलावत नाही. यांना बघायला ये. परवापासून दर वेळी दार वाजलं की विचारतात, "कोण?" आणि मी सांगितल्यावर "बरं" म्हणतात. मला ते "बरं" ऐकवत नाही. मी घरात नको असेन तर तू असशील तेवढा वेळ बाहेर बसेन. गल्लीच्या टोकाला बसेन. ये गं.

ताई


२ एप्रिल

चिमे,

हे गेल्याचं तुला कळवलं होतं. तू आली नाहीस. एकदा येऊन गेलीस तेवढंच माझ्यासाठी पुष्कळ.

तू आलीस त्या दिवशी मी शेडमध्ये बसले होते. दोन तास तू आत होतीस. भिंतीला कान लावला नाही, एवढी तरी लाज ठेवली. तू गेल्यावर हे म्हणाले, "चिमी म्हणाली, भाऊजी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. मी म्हटलं, बोललो. ती म्हणाली, मग इतकी वर्षं मी कुणाचा राग कुणावर काढला? मी म्हटलं, माझ्यावर काढलास ते बरं केलंस, आमच्या धंद्यात भाजायची सवय असते." आणि हसायला गेले तर खोकला आला. त्या रात्री शांत झोपले. नंतर बारा दिवस होते. सोमवारी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा गेले. मला वाटलं, डोळा लागला.

आता तुझ्या प्रश्नाचं.

मिस्त्री सायकल टेम्पोत चढवत होता, तेव्हा तू दारात थांबलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "ते सायकल न्यायला आले तेव्हा काय म्हणाले?" एवढंच विचारलंस. तू थोडा वेळ वाट बघितलीस आणि गेलीस. तुझ्या माणसाला शेवटचं बोलताना मी ऐकलं, हे तुला माझ्या पत्रातूनच कळलं. एकोणीस वर्षं तुला वाटत होतं, सायकल यांनीच त्यांच्या हातात दिली.

सगळं सांगते. पण त्या आधी एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं होतं, विसरले होते. विसरले नव्हते.

यांनी "डावा पाय राहिला आहे" म्हटलेलं माझ्या कानात होतं, मास्तर समोर उभे असतानाही होतं. दहा दिवस हे तुमच्या सायकलीचंच काम घेऊन बसले होते. माझ्या शिलाई मशीनचा पायटा महिनाभर तुटून पडला होता, मी हाताने चाक फिरवत होते, आणि त्याला "करतो, करतो" चाललं होतं. मला राग आला होता. आणि वाटलं, एका सांध्याने काय होतंय. टाचलेले कपडे अंगावर घालून लोक मिरवून येतात, कुणाला कळत नाही. यांचा सगळ्यातच उगाच काटेकोरपणा. मास्तरांनी विचारलं, "ताई, झाली का?" मी म्हटलं, "झाली, झाली. न्या लवकर. यांच्या हातात राहिली तर तुमची सहल पुढच्या वर्षी निघेल."

मी हे यांनाही कधी सांगितलं नाही. मी विसरले, असंच तेही समजत राहिले. आता तू एकटीच आहेस जिला ठाऊक आहे.

मास्तर हसले. मी पाणी दिलं, ते उभ्याउभ्याच प्यायले. पिशवी उघडून म्हणाले, "ताई, तुमच्या बहिणीने मला दोन स्वेटर दिलेत. मी माणूस आहे की मेंढी? एक इथे ठेवून जाऊ का? तिला सांगू नका." एक बाहेर काढला, राखाडी, कोपराला रफू केलेला. हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "नको. घाटात थंडी वाजली तर तिचं खरं ठरेल, आणि ते तिला आल्यावर सांगायला बरं." पुन्हा आत घातला.

सायकलवर बसले, थोडं पुढे गेले आणि थांबले. मागे वळून म्हणाले, "तिकडून गेलात तर एक निरोप द्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवी कडी बसवली आहे. ओढायची नाही म्हणावं. आधी वर उचलायची, मग ओढायची. सांगायचं राहिलं."

मी "हो" म्हटलं.

तो निरोप मी कधी दिला नाही. दिला असता तर तू विचारलं असतंस, तुला कुठे भेटले?

आज देते.

ताई


१९ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र मिळालं. सात पानं. दारातच उभ्याने वाचायला लागले, मग पायरीवर बसले. यातला एक शब्दही मला जास्त वाटला नाही. तिसऱ्या पानावर तुझी निब कागदातून आरपार गेली आहे.

कडी तू त्याच आठवड्यात ओढून तोडलीस, आणि मास्तरांनी धड बसवली नाही म्हणून घरात सांत्वनाला आलेल्या बायकांसमोर त्यांच्यावर रागावलीस, ते वाचलं. ती गोष्ट तू मला सांगितलीस, हे माझ्या लक्षात आलं आहे.

सातव्या पानाच्या शेवटी लिहिलं आहेस, "बाकीचं पत्रात मावत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येते. भांडायला येते आहे, हे आधीच सांगून ठेवते. मला मध्ये थांबवायचं नाही."

नाही थांबवणार. ये.

ताई